मॉरिशसमध्ये वैद्यकीय शिक्षण: बेटावर रुळताना मुलांना नेमके काय जड जाते?

अपर्णा_सुभानपुरा
सर्व बडोदेकरांना नमस्कार. माझी मुलगी ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाली, परंतु सरकारी जागा मिळण्याइतके गुण नव्हते आणि व्यवस्थापन कोट्याचे शुल्क आम्हाला झेपणारे नव्हते. बऱ्याच चौकशीनंतर मॉरिशसमधील एका महाविद्यालयात प्रवेश निश्चित केला आहे. प्रवेश घ्यावा की घेऊ नये, हा माझा प्रश्न नाही. आजवर ती आजोळी नाशिकला सोडल्यास एकटी कुठे राहिलेली नाही, आणि आता थेट समुद्रापलीकडच्या बेटावर राहून तिला शरीररचनाशास्त्र शिकायचे आहे. ज्यांची मुले अशा उष्ण कटिबंधातील बेटांवर वैद्यकीय शिक्षण घेत आहेत किंवा घेऊन आली आहेत, त्यांना पहिल्या वर्षी प्रत्यक्षात काय जड गेले आणि घरच्यांनी काय करायला हवे होते (किंवा काय करायला नको होते), हे जाणून घ्यायचे आहे. हवामान, जेवण, भाषा, एकटेपणा, जे आठवेल ते लिहावे.

खंडेराव_मार्केट
प्रथम मुलीचे अभिनंदन. दुसरे म्हणजे सामानात भाकरवडी आणि लिला चिवडा यांना वजनाची वेगळी मर्यादा ठेवावी.

चिकित्सक_वाचक
ताई, आपण प्रवेशाबद्दल विचारलेले नाही हे मान्य आहे, तरीही एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण नियमच अपुरा कळलेला असेल तर मूल कितीही चांगले रुळले तरी उपयोग नाही. 18 नोव्हेंबर 2021 पासून लागू झालेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, त्यानंतर त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते, आणि त्या देशाच्या नागरिकाला मिळतो त्याच दर्जाचा व्यवसाय परवाना त्या पदवीवर तेथे मिळाला पाहिजे. भारतात परतल्यावर पात्रता परीक्षा आणि पुन्हा 12 महिन्यांची इंटर्नशिप आहेच. यांपैकी प्रत्येक मुद्द्यावर महाविद्यालयाकडून लेखी उत्तर घेतले आहे का? एजंटाचे तोंडी आश्वासन हे उत्तर नव्हे.

अपर्णा_सुभानपुरा
@चिकित्सक_वाचक, लेखी उत्तर घेतले आहे आणि आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी ते वाचलेही आहे. काळजीबद्दल आभार. आता मूळ प्रश्नाकडे वळू या.

मकरपुरा_मयूर
माझा धाकटा भाऊ कॅरिबियनमधील ग्रेनेडा येथे शिकला. तेथील सेंट जॉर्जेस विद्यापीठ 1976 मध्ये स्थापन झाले आणि तिथले बहुतेक विद्यार्थी अमेरिकेत डॉक्टर होण्याच्या उद्देशाने येतात. आमचे मामा न्यू जर्सीत असल्याने त्याचाही विचार तोच होता. वरील नियमाच्या संदर्भात एक जोडतो: प्रशिक्षणाचा कोणताही भाग तिसऱ्या देशात झालेला चालत नसल्याने, ज्या कॅरिबियन महाविद्यालयांची शेवटची वर्षे अमेरिकेतील रुग्णालयांत होतात, त्यांच्या पदवीवर आता भारतात नोंदणी होत नाही. त्यामुळे परत यायचे असेल तर ती वाट धरू नये.

रुळण्याबद्दल सांगायचे तर त्याला समुद्राचा, उकाड्याचा किंवा अभ्यासाचा त्रास झाला नाही. त्रास झाला तो ‘गुड मॉर्निंग’चा. ग्रेनेडात दुकानात शिरताना किंवा बसमध्ये बसताना आधी अभिवादन न करता थेट कामाचे बोलणे उद्धटपणाचे समजले जाते. आपल्याकडे मांडवीत जाऊन ‘काका, अर्धा किलो द्या’ म्हटले की काका लगेच तराजू उचलतात. तेथे बाई त्याच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या, आणि दुकानात असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने त्याला हळूच सांगितले की आधी नमस्कार कर. पुढे हीच सवय वॉर्डात उपयोगी पडली. दुसरी अडचण घड्याळाची होती. ग्रेनेडा भारताच्या साडेनऊ तास मागे असल्याने आईची जेवणानंतरची निवांत वेळ आणि त्याची सकाळच्या तासिकांची वेळ नेमकी एकच येत असे. मॉरिशसच्या बाबतीत हा प्रश्न येणार नाही, कारण तेथील घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे असते.

दांडियाबाजार
म्हणजे मॉरिशसच्या मुलांना ‘फोन आला तेव्हा झोपलो होतो’ ही सबबही उरत नाही. बिचारी मुले.

अलकापुरी_आजोबा
बेटच हवे होते तर आपले अंदमान काय वाईट आहे? माझा नातू पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम म्हणायचे) सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आहे. ते 2015 मध्ये सुरू झाले. तेथे हिंदी सर्वत्र चालते, रुपया चालतो आणि परतल्यावर वेगळी पात्रता परीक्षा द्यावी लागत नाही. त्याला जड गेला तो अंधार. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे, पण बेट इतके पूर्वेला की हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उन्हाळ्यात पहाटे पाचच्या आसपास उजाडते. आपण बडोद्यात संध्याकाळी सात वाजता सुरसागरावर फिरायला निघतो, त्या वेळी तेथे रात्रीची सामसूम झालेली असते. पहिल्या सत्रात तो सायंकाळी फार उदास होत असे. मग त्याने पहाटे उठून अभ्यास करण्याचा आणि रात्री लवकर झोपण्याचा परिपाठ ठेवला, तेव्हा स्थिरावला. इंटरनेटची मात्र आता तक्रार नाही. ऑगस्ट 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल पोहोचल्यापासून आम्हाला त्याचा चेहरा नीट दिसतो. पूर्वीच्या विद्यार्थ्यांचे आईवडील कसे राहिले असतील, देव जाणे. त्याने पहिल्याच रविवारी सेल्युलर जेल पाहिला आणि सावरकरांच्या कोठडीसमोर उभे राहून मला फोन केला, हे येथे विषयांतर असले तरी लिहितो.

चिकित्सक_वाचक
आजोबा, अंदमानला जागा मिळण्यासाठी लागणारे गुण असते तर ताईंनी हा धागा कशाला काढला असता?

अलकापुरी_आजोबा
मान्य. तरी संध्याकाळच्या उदासीचा मुद्दा कायम आहे.

पठारावरची
अपर्णाताई, मी मूळची कारेलीबागेतली असून मॉरिशसमध्ये शेवटच्या वर्षाला आहे. सविस्तर लिहिते, कारण मला जाण्याआधी कोणी काही सांगितलेच नव्हते.

सर्वांत आधी डोक्यातील ‘बेट म्हणजे समुद्रकिनारा’ हे चित्र काढून टाकावे. मॉरिशसचा मधला भाग उंच पठाराचा आहे आणि आम्ही राहतो तो परिसर त्याच भागात येतो. किनाऱ्यावर ऊन असते, तेव्हा आमच्याकडे धुके आणि बारीक पाऊस असतो. क्युरपीपसारख्या गावात जुलै-ऑगस्टच्या रात्री स्वेटर आणि जाड पांघरूण लागते. शिवाय ऋतू उलटे असल्याने मे-जूनमध्ये, बडोद्याची माणसे उन्हाने हैराण असताना, येथे थंडी सुरू होते. पहिल्या वर्षी आम्हा गुजरातच्या मुलींपैकी प्रत्येकीच्या बॅगेत सूती कपडे आणि सनस्क्रीन होते, छत्री मात्र एकीकडेही नव्हती.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. बडोद्यात रात्री धुतलेला एप्रन सकाळी खडखडीत वाळतो. येथे तो तीन दिवस दमट राहतो आणि त्याला कोंदट वास येतो, तो विच्छेदन कक्षाच्या फॉर्मॅलिनच्या वासात मिसळला की जेवण जात नाही. आमच्या वसतिगृहात एप्रन वाळत घालण्याची मानाची जागा म्हणजे फ्रिजची मागची जाळी, आणि तिच्यासाठी पाळ्या लावलेल्या असत. चामड्याच्या चपलांवर, पुस्तकांच्या कण्यांवर, कपाटाच्या आतल्या बाजूला हिरवट बुरशी धरते. खोली निवडण्याची संधी मिळाली तर उत्तराभिमुख मागावी. आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने वर्षाचा बहुतेक काळ दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. मी बडोद्याच्या सवयीने दक्षिणेची खिडकी मोठी आहे म्हणून खोली पसंत केली होती आणि वर्षभर तिथे ऊन आले नाही.

जेवणाची काळजी करू नये. रस्त्यावर मिळणारी दाल पुरी, म्हणजे पिवळ्या डाळीचे सारण भरलेली पातळ पोळी, दोन-दोनच्या जोडीने भाजी-चटणीसह मिळते आणि शाकाहारी माणसाचा तिच्यावर सहज गुजारा होतो. डाळीचे तिखट वडे पावात घालून खातात. हे सारे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ऊसमळ्यांत आलेल्या भारतीय मजुरांनी आणलेले आहे. लिची मात्र नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पिकतात, हे पचायला मला वेळ लागला.

खरी अडचण तिसऱ्या वर्षी येते. तिच्याबद्दल रात्री लिहिते, आता वॉर्डाची वेळ झाली.

दांडियाबाजार
उत्तराभिमुख खोली म्हणजे वास्तुशास्त्रवालेही प्रसन्न आणि एप्रनही कोरडा. असा योग दुर्मीळ असतो.

कोरडा_दुष्काळ
पाण्याची भीती मुलीला नसावी. ज्या शहरात ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्रीतील मगरी सोसायटीच्या आवारात आल्या होत्या, त्या शहराच्या कन्येला हिंदी महासागर काय घाबरवणार!

मकरपुरा_मयूर
विनोद ठीक आहे, पण वादळांचा विषय गंभीर आहे. 2017 च्या सप्टेंबरमध्ये मारिया चक्रीवादळाने डॉमिनिका बेट उद्ध्वस्त केले, तेव्हा तेथील रॉस विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचे सत्र सेंट किट्सला उभ्या केलेल्या एका जहाजावर पूर्ण करावे लागले. नंतर ते अमेरिकेत टेनेसीतील नॉक्सव्हिलला हलवले आणि 2019 पासून महाविद्यालय बार्बाडोसलाच गेले. भावाच्या बॅचमधली मुले जून ते नोव्हेंबर या वादळी महिन्यांत पारपत्र, गुणपत्रिका आणि थोडे डॉलर एका जलरोधक पिशवीत कायम तयार ठेवत असत.

पठारावरची
@मकरपुरा_मयूर, हे येथेही लागू आहे. मॉरिशसमध्ये वादळांचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. इशाऱ्याचे चार स्तर असतात आणि ताशी 120 किलोमीटरचे झोत नोंदले गेले की चौथा स्तर जाहीर होतो. तेव्हा बाहेर पडायचे नसते. 15 जानेवारी 2024 रोजी बेलाल वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून जाताना आम्ही मोबाइलवर पाहिल्या. पहिल्या इशाऱ्यालाच पाणी, ब्रेड, मेणबत्त्या आणून ठेवायच्या आणि घरी कळवायचे की आता फोन बंद पडू शकतो, म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला लागत नाही.

आता तिसरे वर्ष. महाविद्यालयात शिकवणे इंग्रजीत होते, वर्तमानपत्रे फ्रेंचमध्ये असतात आणि रुग्ण क्रेओल ही स्थानिक बोली बोलतो. पुस्तकी प्रश्न पाठ करून मी पहिल्यांदा एका आजींच्या खाटेपाशी गेले. त्यांच्या डाव्या पायाला मधुमेहाची जखम होती, करंगळी आधीच काढलेली होती आणि घोट्यापर्यंत पट्टी होती. मी इंग्रजीत विचारले, त्या क्रेओलमध्ये बराच वेळ बोलल्या, मी मान डोलावली आणि वहीत एक ओळही लिहू शकले नाही. शेजारच्या परिचारिकेने मध्ये पडून विचारले, ‘कोत पे फेर माल?’ म्हणजे कुठे दुखते? आजींनी पायाकडे नव्हे, पोटरीकडे बोट दाखवले. चालताना पोटरी दुखते, थांबले की थांबते, ही रक्तवाहिनी अरुंद झाल्याची खूण मला पुस्तकातून तोंडपाठ होती, परंतु ती समोरून सांगितली जात असताना कळली नाही. त्या दिवसापासून मी बसमध्ये कानात गाणी लावणे बंद केले आणि लोकांचे बोलणे ऐकू लागले. रोज ‘की मान्येर’ म्हणजे ‘कसे काय’ असे विचारून सुरुवात करायची आणि वॉर्डातील सफाई कामगार, पहारेकरी, उपाहारगृहातील मावशी यांच्याशी बोलायचे. जुन्या पिढीतील काही जणांना भोजपुरी येते, तेथे आपली हिंदी थोडी उपयोगी पडते. मुलीने हे पहिल्या वर्षापासूनच सुरू करावे, असे माझे ठाम मत आहे. आमच्या बॅचमधली जी मुले पाच वर्षे फक्त भारतीय मुलांतच राहिली, भारतीय मेसमध्येच जेवली आणि भारतीय मालिकाच पाहत राहिली, ती आजही वॉर्डात दुभाषा शोधतात.

नाडीपरीक्षा
मी सयाजीराव रुग्णालयात दीर्घकाळ औषधवैद्यक शिकवून निवृत्त झालो आहे. पठारावरची यांनी लिहिलेले वाचून आनंद झाला, परंतु एका बाबतीत मतभेद नोंदवतो. स्थानिक जीवनात मिसळावे हे खरे असले, तरी ज्या विद्यार्थ्याला भारतात परतायचे आहे, त्याने भारतातील रोगांशी नाते तोडून चालणार नाही. मॉरिशसमध्ये दर पाच प्रौढांमागे जवळपास एक जण मधुमेही आहे, त्यामुळे मधुमेह, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे विकार तेथे उत्तम शिकायला मिळतील. परंतु आमच्या वॉर्डात दररोज दिसणारा क्षयरोग, हिवताप, सर्पदंश हे सारे तेथे कितपत दिसते? भारताची पात्रता परीक्षा 300 गुणांची असते, 150 मिळवावे लागतात, आणि तीत प्रश्न येतात ते या मातीतल्या रोगांवर. एकदाही क्षयरोग्याची छाती न ऐकलेला मुलगा परीक्षा कदाचित उत्तीर्ण होईल. डभोईच्या आरोग्य केंद्रात तो काय करील?

पठारावरची
सर, आपण म्हणता ते रास्त आहे. स्थानिक हिवताप येथून हद्दपार झालेला आहे, माणसाला धोकादायक असे विषारी साप येथे जमिनीवर नाहीतच, त्यामुळे सर्पदंशाचा एकही रुग्ण मी पाहिलेला नाही. त्याऐवजी दगडमासा पाहिला. उथळ पाण्यात दगडासारखा पडून राहणारा हा मासा पायाखाली आला की पाठीवरचे काटे तळव्यात घुसतात आणि माणूस अक्षरशः ओरडत येतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवला की वेदना कमी होते, कारण त्या विषातील प्रथिने उष्णतेने निष्प्रभ होतात. चिकुनगुन्या आणि डेंगीही येथे पाहायला मिळतात. बाकीची भरपाई म्हणून मी सुटीत बडोद्याला आले की ओळखीच्या डॉक्टरांच्या परवानगीने त्यांच्या ओपीडीत नुसती निरीक्षक म्हणून बसते. याचा अधिकृत प्रशिक्षणात काही हिशेब होत नाही, होऊही नये, पण डोळ्यांना सवय राहते.

नाडीपरीक्षा
हे उत्तम. माझी हरकत मागे घेत नाही, थोडी सौम्य करतो.

खंडेराव_मार्केट
पोहण्याबद्दल कोणी लिहिले नाही.

पठारावरची
बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आतले पाणी शांत असते. दक्षिणेला ग्री-ग्री येथे ती भिंत नाही आणि लाटा सरळ कड्यावर येतात, तेथे पाण्यात उतरू नये. पाण्यात जाताना रबरी तळव्याचे बूट घालावेत, कारण दगडमाशाबद्दल वर सांगितलेच आहे.

रावपुरा_रसिक
एकटेपणाचा विषय अजून कोणी नीट हाताळलेला नाही. माझी पुतणी तेथे दोन वर्षे होती. ती म्हणत असे की बेट जेमतेम 65 किलोमीटर लांब, दीड-दोन तासांत या टोकापासून त्या टोकाला पोहोचता येते, आणि पहिले काही महिने फिरून झाले की मग जायचे कुठे हा प्रश्न उरतो. त्यात महाविद्यालय लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात, कोणाचे कोणाशी बिनसले, कोण कोणत्या विषयात नापास झाले, हे दुपारपर्यंत पसरते. बडोद्यात भांडण झाले की माणूस दुसऱ्या पोळातल्या (म्हणजे गल्लीतल्या) मित्राकडे जातो. तेथे दुसरा पोळच नाही.

तिला आधार मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी. मॉरिशसमध्ये मराठी समाज आहे, त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेले. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. कास्काव्हेल गावच्या एका कुटुंबाने तिला आणि तिच्या मैत्रिणींना गणपतीला बोलावले. घरात सगळे क्रेओल बोलत होते, पण आरती सुरू झाली तेव्हा आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना ती पाठ होती. पुतणी त्यानंतर दर महिन्याला त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागली. आपण बडोद्याचे मराठी लोकही गायकवाडांबरोबर येथे आलो आणि गुजराती बोलत बोलत मराठी राहिलो, त्यामुळे तिला ते घर परके वाटले नसावे.

दांडियाबाजार
सुंदर. फक्त नवरात्रात तिला गरब्याची आठवण आली असेल, त्याला उपाय कोणत्याही बेटावर नाही. बडोद्याच्या यूनायटेड वेच्या गरबा मैदानाचे थेट प्रक्षेपण लावून वसतिगृहाच्या गच्चीत फेर धरावा, शेजारी तक्रार करतील तर त्यांनाही ओढावे.

अपर्णा_सुभानपुरा
सगळ्यांचे मनापासून आभार. आता घरच्यांच्या बाजूने विचारते. रोज व्हिडिओ कॉल करावा की नाही? तिचे बाबा म्हणतात रोज, मी म्हणते आठवड्यातून दोनदा.

पठारावरची
ताई, माझ्या आईने पहिले सहा महिने रोज रात्री फोन केला आणि रोज पहिला प्रश्न ‘जेवलीस का?’ हाच असे. मला बरे वाटे, पण फोन संपला की मी अर्धा तास काही करू शकत नसे. पुढे आम्ही ठरवले की रोज एक छोटा निरोप पाठवायचा आणि रविवारी निवांत बोलायचे. परीक्षेच्या आदल्या रात्री घरातील आजारपणाच्या बातम्या देऊ नयेत, मात्र लपवूनही ठेवू नयेत. परीक्षा संपल्यावर त्याच दिवशी सांगाव्यात. आजोबांच्या ऑपरेशनची गोष्ट मला महिन्याने कळली होती, तेव्हा त्यानंतर घरून आलेल्या प्रत्येक ‘सगळे ठीक आहे’वर मला संशय येऊ लागला.

मकरपुरा_मयूर
शंभर टक्के सहमत. आणि पहिल्या चाचणीत गुण कमी पडले तर ‘एवढा खर्च करून’ हे शब्द घरात कोणीही उच्चारू नयेत. भावाला ते एकदा ऐकावे लागले होते. त्यानंतर त्याने पुढच्या दोन चाचण्यांचे निकाल कळवलेच नाहीत.

चिकित्सक_वाचक
व्यावहारिक बाबी: तेथे 230 व्होल्टचीच वीज असते, पण बोर्ड बहुतेक ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी तीन पिनांचे असतात, ॲडॉप्टर येथूनच न्यावा. ताजी फळे, रोपे, बियाणे नेऊ नये, विमानतळावर कडक तपासणी असते. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी, कारण आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या काही वेदनाशामक व झोपेच्या गोळ्यांवर तेथे कठोर निर्बंध आहेत.

खंडेराव_मार्केट
भाकरवडीवर निर्बंध नाहीत ना?

चिकित्सक_वाचक
नाहीत. पाकीटबंद न्यावी.

अपर्णा_सुभानपुरा
दोन एप्रन टेरिकॉटचे आणि एक सुती शिवायला टाकला आहे. छत्री, स्वेटर, बूट यादीत आले. नाडीपरीक्षा सर, लसींबद्दल काही सांगाल का? महाविद्यालयाने यादी मागितली आहे आणि निघायला अजून अडीच महिने आहेत.

नाडीपरीक्षा
सुती एप्रन राहू द्या, तिन्ही टेरिकॉटचेच शिवा, पठारावरची यांचे वर्णन वाचले ना? लसींचे म्हणाल तर हिपॅटायटिस बीचे या आठवड्यातच पाहावे. लहानपणी मात्रा घेतल्याचे कार्ड सापडले तरी रक्तातील अँटीबॉडी तपासून घ्यावी. 10 mIU/mL पेक्षा कमी आली तर आपल्या डॉक्टरांकडे पुन्हा मात्रा घ्यायला जावे. घेतलीच नसेल तर शून्य, एक आणि सहा महिने असा क्रम असतो, म्हणजे पहिल्या दोन मात्रा येथेच होतील आणि तिसरी तेथे जाऊन घ्यावी लागेल, तिची तारीख कार्डावर ठळक लिहून द्या. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांचे दाखलेही सोबत द्या. मूळ कार्ड तिच्याकडे आणि छायाप्रत तुमच्याकडे ठेवा.